नाना खोली बघतात

हॉटेलची खोली बघायला गेल्यावर माणसं भाडं विचारतात, गरम पाणी कधी येतं ते विचारतात. आमचे नाना काहीच विचारत नाहीत. चपला दाराबाहेर काढतात, टोपी उशीशेजारी ठेवतात, पलंगावर उताणे होतात आणि डोळे मिटतात. मॅनेजर किल्ली हातात धरून उभा. थोड्या वेळाने त्याला वाटू लागतं, म्हातारा गेला की काय. तो माझ्याकडे बघतो, मी छताकडे बघतो. मग नाना डोळे न उघडताच निकाल देतात, "आठे झोप लागाव नही."

इथे झोप लागणार नाही. संपलं. उठतात, टोपी घालतात आणि जिना उतरायला लागतात.

नाना म्हणजे माझे वडील. धुळे डेपोला एसटीचे ड्रायव्हर होते. बहुतेक नोकरी मुक्कामाच्या गाडीवर गेली. संध्याकाळी गाडी घेऊन शेवटच्या खेड्यात जायचं, तिथेच झोपायचं आणि सकाळी तीच गाडी परत आणायची. देवळाच्या ओट्यावर, ग्रामपंचायतीच्या पडवीत, उन्हाळ्यात थेट बसच्या टपावर, डासांच्या गराड्यात घोरलेला हा माणूस. आणि नाशिकच्या एसी खोल्या एकामागून एक नापास करत होता.

मी जळगावला नळ, बेसिन आणि टाइल्स विकतो. सुरुवात नशिराबादच्या बाजारात हातगाडीवर बादल्या आणि प्लास्टिकचे मग विकून केली. कोणी हात दिला नाही, मी मागितलाही नाही. मला राग लवकर येतो असं बायको म्हणते. माझं म्हणणं, लोक चुकीचं लवकर वागतात. भाव केल्याशिवाय मी कुठलीही वस्तू घेत नाही, खोलीसुद्धा नाही. नाना पलंगावर पडले की मी बाथरूममध्ये शिरतो. फ्लश गळतो, शॉवरला चुना बसलाय, आरसा हलतो, हे मॅनेजरला मोठ्याने ऐकवत बाहेर येतो. तोवर भाडं निम्म्याच्या जवळ आलेलं असतं. आणि नाना जिन्यात असतात.

नानांवर माझा एक जुना राग आहे, तो इथेच सांगून टाकतो. माझ्या दुकानाच्या उद्घाटनाला ते आरतीच्या आधी उठून गेले. नाशिकला शोभाताईला, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीला, ताप आल्याचा फोन आला होता. साधा ताप. नाना पोचेपर्यंत उतरलासुद्धा. पुढे मी घर बांधलं, नानांसाठी खाली वेगळी खोली काढली, तिथल्या बाथरूमला दुकानातला सगळ्यात भारी माल लावला. नानांनी सगळं फिरून पाहिलं आणि म्हणाले, टॉवेलची दांडी सैल शे. बाकी एक शब्द नाही. राहतात अजून धुळ्यालाच.

तर ताईने नाशिकला नवा फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीला बोलावलं. अडचण तिथे होती. लेकीच्या घरी बापाने जेवायचं नाही, मुक्काम करायचा नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. बाकीच्यांनी नातवंडं झाल्यावर सोडली. नानांचा नातू कॉलेजात गेला तरी नानांनी सोडली नाही. ताईकडे गेले तरी पाण्याची बाटली धुळ्याहून भरून नेतात. या वेळी ताईने फोन केला तो मला. नानांशी बोलायलाही तयार नव्हती. म्हणाली, "तीन खोल्यांचं घर आहे. नाना लॉजवर उतरले तर मी अखाजीला येणार नाही. सांग त्यांना."

अक्षय्य तृतीयेला आम्ही अखाजी म्हणतो. खान्देशात हा लेकींचा सण. दिवाळीला लेक आली नाही तर कोणी विचारत नाही, अखाजीला आली नाही तर सगळी गल्ली विचारते. आई गेल्यापासून तर ताईसाठी अंगणातल्या निंबाला झोका नाना स्वतःच्या हाताने बांधतात. मी निरोप सांगितला. नानांनी कानाच्या पाळीशी चाळा केला आणि म्हणाले, खोली बघ, पण तिच्या घरापासून लांब नको.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी आम्ही नाशिकला पोचलो आणि खोल्या बघत सुटलो. पहिल्या हॉटेलात पंखा किरकिरत होता. दुसऱ्यात गादी माणसाला आत ओढून घेते, असं निघालं. तिसरं हॉटेल स्वच्छ, शांत, मी सकाळचा नाश्ता फुकटात पदरात पाडलेला. नाना उठून बसले आणि मॅनेजरला समजावल्यासारखं म्हणाले, फारच शांत शे भाऊ, आठे माणूस मरी ग्या तरी कोणले समजाव नही. तो बिचारा दोन्ही बाजूंना माणसं आहेत म्हणून भिंती वाजवून दाखवायला लागला.

चौथं लॉज एका फरसाणच्या दुकानाच्या वर होतं. अरुंद जिना, तडकलेलं बेसिन, खाली रिक्षांचा कलकलाट आणि खोलीभर तळणाचा वास. इथे मी काय काय कमी करायला लावीन याचा हिशोब जिन्यातच मांडला होता. नाना आत आले. आडवे झालेच नाहीत. खिडकीशी गेले, बाहेर बघितलं, मागे येऊन पलंगावर बसले आणि मॅनेजरला म्हणाले, "चालस."

गिऱ्हाईकाने दुकानदारासमोर चालतं म्हटलं की भाव मेला. मॅनेजर हसून पावती फाडायला लागला. मी नानांना बाजूला घेऊन सांगितलं की आवडलं हे शेवटी म्हणायचं असतं. ते म्हणाले, तू नळ बघ. त्या खिडकीतून ताईच्या इमारतीचं फाटक दिसत होतं, हे सकाळी दाढी करताना माझ्या लक्षात आलं. नाना आंघोळ उरकून, इस्त्रीचा सदरा घालून आधीपासूनच तिथे उभे होते.

वास्तुशांतीला नाना दाराजवळच्या खुर्चीत बसले. दोन्ही पायांच्या मध्ये पाण्याची बाटली. ताईच्या सासूबाई दोनदा ताट घेऊन आल्या, नानांनी दोन्ही वेळा हात जोडले. प्रसाद मात्र देवाचा, लेकीचा नाही, असा त्यांचा कायदा. त्या कायद्याने शिरा चार वेळा घेतला. ताई त्यांच्या समोरून सारखी जात-येत होती, पण बोलली नाही. शेवटी माझ्यापाशी थांबली आणि हातभर अंतरावर बसलेल्या नानांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, अखाजीला माझी वाट बघू नका म्हणावं. नानांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि पाणी न पिताच परत लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बॅगा भरत होतो तेव्हा ताई लॉजवर आली. तो जिना चढून तिला दम लागला होता. दारातच उभी राहून म्हणाली, "नाना, सासूबाई विचारतात, आमच्या घरात काय कमी पडलं. मी काय सांगू?"

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आणि मग आम्हाला कधीच माहीत नसलेली गोष्ट सांगितली. आमची आजी, म्हणजे आईची आई, वारल्यावर आईचे वडील काही महिने आमच्या धुळ्याच्या घरी राहिले होते. नानांची आई त्यांना एका शब्दानेही बोलली नाही. पण आईला ताट वाढताना रोज एकच वाक्य म्हणायची, बाप बी आठेच जेवस, लेक बी आठेच जेवस. नाना शेजारच्या पाटावर बसलेले असायचे. ते काही बोलले नाहीत.

"तुनी माय त्यानंतर कधी उलटी बोलनी नही," नाना म्हणाले. "तिना बाप जेवेल व्हता ना आम्हना घरमा."

ताई म्हणाली, "माझ्या सासूबाई तशा नाहीत."

"मले ठाऊक शे. तरी बी. तुले भांडता येवाले पाहिजे."

खाली फरसाणवाल्याने नवा घाणा सोडला असावा, कढई जोरात चुरचुरली. नानांनी उशी झटकून सरळ केली. या खोलीचं भाडं मी दिलंय, म्हणाले, तेव्हा आज हे घर माझं. बस.

ताई बसली. दोन दिवसांच्या पाहुण्यांनी तिच्या पायांना सूज आली होती. थोड्या वेळाने ती आडवी झाली, भिंतीकडे तोंड करून. तशीच पडून तिने विचारलं, "अखाजीला मुराळी कोण येणार?"

मुराळी म्हणजे सणाला लेकीला न्यायला येणारा माणूस, बहुतेक भाऊच. तिला दिसत नव्हतं तरी नानांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. मी म्हटलं, मी येईन.

"तू? तू रिक्षावाल्याशी भांडशील आणि माझी गाडी चुकवशील," ताई म्हणाली. तिचा आवाज झोपेने जड झाला होता. पुढचं वाक्य तिने सुरू केलं ते पुरं झालंच नाही. रिक्षांच्या कलकलाटात, तळणाच्या वासात, ती अशी झोपली की हातातला मोबाइल गादीवर घसरला तरी तिला कळलं नाही.

नानांनी मला कोपराला धरून बाहेर आणलं आणि दार कडी न वाजवता ओढून घेतलं. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. सफाईवाला बादली आणि झाडू घेऊन वर येत होता. त्याला त्यांनी हातानेच अडवलं.

"मंग ये भाऊ. मनी आंडेर माहेरले येल शे."

आंडेर म्हणजे लेक. त्या माणसाला ते कळलं की नाही कोण जाणे, पण बादली न वाजवता तो खाली उतरला.

खोली सोडायची वेळ कधीच होऊन गेली होती. आणखी एका दिवसाचं भाडं लागणार, गाडीही चुकणार, हे मी नानांना सांगायला तोंड उघडलं. त्यांनी ओठावर बोट ठेवलं. मग भिंतीकडे थोडं सरकून पायरीवर माझ्यासाठी जागा केली.