प्रभाकाकूंचं बंगाली

प्रभाकाकू सिनेमातल्या सासवांना मार्क देत. दहापैकी. तीस-पस्तीस वर्षं शाळेत शिकवल्याची खोड, दुसरं काय! अमेरिकेत, फ्रीमाँटच्या टाउनहाउसमध्ये सोफ्यावर मांडी घालून बसायच्या आणि पडद्यावरच्या बाईने तोंड उघडलं न उघडलं की निकाल जाहीर. "हिला चार. सून दमून बाहेरून आली, तर आधी पाणी विचारावं की नाही?"

आणि हे सिनेमे असत बंगाली. काकू नाशिकच्या. मुलगा समीर इथे सॉफ्टवेअरमध्ये, आणि सून सुपर्णा कोलकात्याची. तिने माहेरून डीव्हीडींचं एक खोकंच्या खोकं आणलं होतं. रविवारी दुपारी सासूसुना त्यातला एक सिनेमा लावत आणि शेजारीण म्हणून मलाही बोलावणं येई. ही दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती, त्यामुळे मला सगळे वार रविवारच होते.

खाली इंग्रजी सबटायटल्स येत, पण काकूंची पहिली ओळ वाचून होईतो तिसरी निघून गेलेली असे. शेवटी त्यांनी तो नादच सोडला. "मला बंगाली कळतं," त्या ठणकावून सांगत, "शब्द तेवढे कळत नाहीत." मग मला सगळा सिनेमा मराठीत समजावून सांगत. पडद्यावर गावात पूर आलेला असे आणि काकूंच्या मते जावाजावांचं दागिन्यांवरून बिनसलेलं असे. सुपर्णा उशीत तोंड खुपसून हसायची, पण त्यांना अडवायची नाही.

एकदा काकू वैतागल्या. "काय गं, तुमच्याकडे नावांचा तुटवडा आहे का? प्रत्येक सिनेमात सुनेचं नाव आपलं बौमा!"

बौमा म्हणजे सूनबाई, हे कळल्यावर स्वतःच खोखो हसल्या. "म्हणजे सून सासूला मा म्हणते, आणि सासूही सुनेला मा लावते? बरं आहे की!" त्या दिवसापासून सुपर्णाची बौमा झाली. मग काकूंनी शब्द जमवायलाच घेतले. मा म्हणजे आई आणि सासूसुद्धा. आलादा म्हणजे वेगळं. हा त्यांना भांडणाच्या प्रसंगांवरून पाठ झाला होता.

आणि एका शनिवारी सकाळी काकू माझ्या दारात उभ्या. चेहरा उतरलेला.

"तुझ्या त्या ट्रॅव्हल एजंटला फोन लाव. माझं तिकीट अलीकडचं करून घे."

मला काही कळेना. काकूंच्या व्हिसाचे सहा महिने संपत आले होते, पण मुदत वाढवून घ्यायचा फॉर्म समीरने भरून ठेवला होता. सही तेवढी राहिली होती. काका जाऊन चार वर्षं झाली होती, नाशिकला वाट बघणारं कुणी नव्हतं.

"सुपर्णाला माझी अडचण होतेय," त्या म्हणाल्या. बौमाला नाही, सुपर्णाला. "आत्ता फोनवर आईला सांगत होती. माझ्या कानांनी ऐकलं. मायेर, मग चूल, मग आलादा. सासूची चूल वेगळी! अगं, समोर इतकं गोड बोलायचं आणि पाठीमागे..."

चूल वेगळी होणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. पण काकूंच्या बंगालीवर विसंबून तिकीट बदलायचं म्हणजे जरा जास्तच झालं. मी फोन लावला नाही. काकूंचा हात धरला आणि त्यांना घेऊन शेजारी गेले.

सुपर्णा अजून भारतात फोन करायचं कॉलिंग कार्ड हातात घेऊन बसली होती. मी विचारलं तशी आधी गोंधळली, मग कपाळावर हात मारून घेतला.

"दीदी, चुल म्हणजे केस! हेअर! मी मांला सांगत होती की माझा सासूचा केस खूप गळतो, त्याच्यासाठी आलादा तेल पाठव. नेक्स्ट वीक माझा कझिन येतो ना." मग काकूंकडे वळली. "आणि मां, तुमचा हात वर जात नाही, मी बघितला. किती दिवस झाला? मला का नाही सांगितला?"

हे मलाही ठाऊक नव्हतं. काकू केस मोकळे सोडून नुसता एक चाप लावत. विचारलं की म्हणत, अमेरिकेत आल्यावर थोडी फॅशन नको का? उजवा खांदा आखडला होता, वेणी घालता येत नव्हती. पण सांगितलं तर डॉक्टर आले, इन्शुरन्स आला, मुलाच्या डोक्याला ताप. त्यापेक्षा फॅशन बरी.

काकू माझ्याकडे न बघता पुटपुटल्या, "ते एजंटचं राहू दे गं."

सुपर्णाने त्यांना खाली गालिच्यावर बसवलं आणि स्वतः सोफ्यावर बसून फणी घेतली. एरवी दोन मिनिटं गप्प न बसणारी बाई डोळे मिटून बसली. फणी सावकाश वरून खाली जात राहिली. बऱ्याच वेळाने काकू म्हणाल्या, "सासूबाई वाईट नव्हत्या हं माझ्या. पण माझी आई गेली, त्यानंतर माझ्या डोक्याला कुणाचा हात असा लागलाच नाही."

मी खिडकीबाहेर उभ्या गाड्यांकडे बघत राहिले.

"हो गया, मां," सुपर्णा म्हणाली.

काकूंनी डाव्या हाताने वेणी चाचपली. "सैल झालीये. सोड, परत घाल."

वेणी चांगली घट्ट होती. सुपर्णाने ती सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून केस विंचरायला घेतले.