सव्वादोन किलोचा ब्रेक

वाडीच्या धर्मकाट्यावर बसून मला अठरा वर्षं झाली. ट्रक प्लेटवर चढायच्या आधी नुसते टायर बघून मी वजन सांगतो, यंत्र मागून होकार देतं. माणसांचंही तेच. कोण किती पाण्यात आहे, हे मला त्याच्या पहिल्या वाक्यात कळतं! म्हणून माझा साळा भूपेश विचारायला आला, "भाऊजी, ब्रेकचा मास्टर सिलिंडर कोणता घेऊ?" तेव्हा मी चहाचा कप खाली न ठेवता म्हणालो, "माझ्यावर सोड."

आता ती गाडी कशी होती, ते ऐका. तोंड एका जुन्या लहान ट्रकचं, मागचा एक्सल दुसऱ्याच मोठ्या ट्रकचा, आणि माल भरायचा डाला भूपेशने स्वतः दोन फूट लांबवलेला. ब्रेक दाबायला पायाला मदत करणारा बूस्टर या जुळवाजुळवीत मावेना, म्हणून काढून टाकला होता. पायाने ब्रेक दाबला की चाकांकडे तेल ढकलतो तो मास्टर सिलिंडर. जुन्या सिलिंडरचं तेल मागच्या मोठ्या चाकांना पुरेना. पाय थेट फरशीला टेकायचा.

आणि सोमवारी कळमन्याचे संत्र्याचे व्यापारी रविंद्रशेठ गाडी बघायला येणार होते. पसंत पडली तर वर्षभराचं काम. नाही पडली तर भूपेश पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर.

दुर्गेश मेकॅनिकचं म्हणणं होतं, आधी चाकातल्या सिलिंडरांचं माप घ्या, मग ठरवू. माप! अठरा वर्षं वजन करणाऱ्याला हा माप शिकवणार! मी बाजारातून तीन सिलिंडर उचलले आणि शेजारच्या किराणा दुकानात गुळाच्या तराजूवर ठेवले. एक सव्वादोन किलोचा भरला. बाकीचे दोन त्याच्यापुढे लिंबूटिंबू. जो जड तो दमदार!

दुर्गेशने तो बसवला, हात पुसले आणि म्हणाला, "बसला तर बरोबर. थांबवते का नाही, ते ज्याचा पाय त्याले माहीत."

हे वाक्य मी तेव्हाच तोलायला हवं होतं.

रविवारी चाचणीला माझे सासरे जागेश्वरराव, आमचे बाबा, स्वतः बसले. चाळीस वर्षं उमरेडची बस चालवलेला माणूस. खुर्चीत बसले की खुर्ची दिसत नाही. त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी जागच्या जागी अशी थबकली, की काचेजवळचा नारळ माझ्या मांडीत आला. "एक नंबर, जावईबापू," ते म्हणाले. भूपेशलाही एक फेरी मारायची होती. पण तोवर त्यांनी तो नारळ गाडीपुढे फोडला होता, आणि नारळ फुटल्यावरची पहिली फेरी शेठचीच, असा बाबांचा हुकूम.

सोमवारी रविंद्रशेठ आले. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, गाडी दुर्गेशच्या शेडमधून निघेल आणि माझ्या प्लेटवर मधोमध उभी राहील. शेठ भूपेशच्या शेजारी बसले. माझी बायको, प्रणाली, डबा घेऊन आली होती, तीही बघायला थांबली.

गाडी आली. प्लेटवर चढली. आकडा लागला. गाडी प्लेटवरून उतरली. आकडा शून्य!

मी खिडकीतून बघतो तर भूपेश दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा, डोकं टपाला टेकलेलं, आणि गाडी पाहुण्यांच्या पंगतीतून चालणाऱ्या वरमाईसारखी संथपणे माझ्या केबिनकडे! मी मागच्या दाराने बाहेर. केबिनसमोर ठेवलेली माझी खुर्ची गाडीखाली आली आणि तिचे चार तुकडे झाले. शेवटी रविंद्रशेठनेच हँडब्रेक ओढला. केबिनची भिंत चार बोटांवर होती.

शेठ खाली उतरले. पाणी प्याले. मग अगदी हळू म्हणाले, "गाडी चांगली आहे गा भूपेश. पण मले इथं उतरायचं नव्हतं." आणि गुरुवारपर्यंतची मुदत देऊन गेले.

बाबा खवळले. म्हणे पोराला चालवताच येत नाही. स्वतः चढले, गाडी मागे घेतली, ब्रेक दाबला. थांबली! पुन्हा दाबला. पुन्हा थांबली! आमची सगळ्यांची तोंडं उघडी. मग सगळ्यांनी आधी बाबांच्या मांडीकडे बघितलं, मग भूपेशच्या.

"अहो," प्रणाली म्हणाली, "सिलिंडर तोलला तुम्ही. माह्या भावाले तोललं होतं का?"

भूपेश निमूट प्लेटवर जाऊन उभा राहिला. आमचा काटा दहा-दहा किलोंनीच सरकतो. आकडा आला पन्नास. त्याने खिशातला पाना काढून प्लेटबाहेर टाकला. चाळीस!

दुर्गेशने मला चहा पाजत समजावलं, "भाऊ, जितकं नळकांडं जाड तितका पायाले जोर जास्त लागते. तुम्ही बाबाच्या पायाचा ब्रेक भूपेशले लावून राहिले होते."

त्याने चाकांचं माप घेतलं आणि मधल्या मापाचा सिलिंडर आणला. त्याच तराजूवर मी चोरून ठेवून बघितला. दीड किलो! लिंबूटिंबूच.

गुरुवारी भूपेशने गाडी प्लेटवर मधोमध उभी केली, चपलेच्या टोकाने. रविंद्रशेठ हँडब्रेकवरचा हात न काढता बसले होते, तो त्यांनी काढला. काम पक्कं झालं. जाता जाता त्यांनी एवढंच विचारलं, "हा ब्रेक निवडला कोणी?"

"दुर्गेशने," मी म्हणालो. सगळ्यांच्या आधी.