भिवरा भेकरीचे समुपदेशन

एका जंगलात, बाळांनो, एक विद्यापीठ होते. हसू नका. जंगलात विद्यापीठ असू नये असे कुठे लिहिलेले नाही. आणि लिहिलेले असलेच, तर ते त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात असणार, म्हणजे कोणी वाचलेले नसणार.

या विद्यापीठाचा एक नियम होता. कुंपणाच्या आत कोणी कोणाला खायचे नाही. त्यामुळे ससे, चितळे, माकडे आणि बिबटे एकाच वर्गात शेजारी शेजारी बसत आणि खाणावळीत सगळ्यांना सारखाच मोहाच्या फुलांचा लगदा मिळे. तो कोणालाच आवडत नसे. म्हणजे समता होती.

तिथे भिवरा नावाची एक भेकरी शिकत होती. भेकर म्हणजे छोटेसे हरीण. दिसायला अगदी गरीब, पण आवाज कुत्र्यासारखा. बिबट्याचा वास आला की भेकर भुंकते, आणि त्या भुंकण्यावर अख्खे जंगल पळून जीव वाचवते. भिवराची आई भुंकायची, आजी भुंकायची, पणजी तर भुंकण्यासाठी पाच डोंगरांवर प्रसिद्ध होती. शिकायला घराबाहेर पडलेली भिवरा घराण्यात पहिलीच.

तिची अडचण तिसऱ्या रांगेत बसत असे. तिचे नाव सर्जेराव ठिपके. हा बिबट्या होता. स्वभावाने सालस, विषय नीतिशास्त्र. पण वारा तिसऱ्या रांगेकडून आला की भिवराचा घसा आपोआप उघडे.

"भॉक्!"

की ससे खिडकीतून बाहेर, माकडे छपरावर आणि शिकवणारे सर फळ्यामागे. असे दिवसातून तीन-चारदा होई. अभ्यासक्रम पहिल्या धड्यापुढे सरकेना.

शेवटी कुलगुरूंनी तिला बोलावले. कुलगुरू म्हणजे एक भला थोरला गवा.

"बाळ, तू भुंकतेस का?"

"सर, बिबट्याचा वास येतो."

"बिबट्या तर रोजच असतो."

"म्हणून तर रोज भुंकते, सर."

गव्याने बराच वेळ रवंथ केला. मग तो म्हणाला, "हे बघ, पुढच्या महिन्यात मूल्यांकन समिती येते आहे. समितीसमोर भुंकलीस तर तुझे नाव पटावरून काढावे लागेल. आपल्याकडे समुपदेशन केंद्र आहे. मागच्या समितीने सांगितले म्हणून उघडले. अजून कोणी गेलेले नाही. तू जा. केंद्राचे भले होईल. तुझेही झाले तर झाले."

भिवराच्या आईने डोंगरभर सांगून ठेवले होते, माझी लेक शिकून मोठी होणार. पटावरून नाव गेल्यावर परत कोणत्या तोंडाने जायचे? ती निमूटपणे केंद्रात गेली.

केंद्र म्हणजे मोहाच्या झाडाखालची एक कुडाची खोली. बाहेर पाटी होती, 'येथे बोललेले येथेच राहील.' पाटीखाली टिटवीबाई वही घेऊन बसल्या होत्या. टिटवीचा आवाज तुम्हाला ठाऊक आहेच.

"नाव? भिवरा भेकर! तक्रार? भीती! कोणाची? बिबट्याची! जा आत, काही काळजी करू नकोस, सगळं गोपनीय असतं!" टिटवीबाई ओरडल्या. नदीपलीकडच्या रानडुकरांनी माना वर करून पाहिले.

आत ढोकसर होते. ढोकसर म्हणजे माळढोक पक्षी. जंगलात तो एकच उरला होता, आणि विद्यार्थी होते चार हजार. सरांनी दहा दिवसांचे प्रशिक्षण घेतले होते आणि तिथून ते दोन वाक्ये घेऊन आले होते.

पण खोटे कशाला सांगू, पक्षी मनाचा फार चांगला होता. मान वाकडी करून तो ऐकत राहिला. भिवराचे इतके कोणी कधीच ऐकून घेतले नव्हते. तिने रडून रडून सगळे सांगितले. सरही रडले. मग डोळे पुसून त्यांनी पहिले वाक्य काढले.

"भीती बाहेर नसते, बाळ. भीती आपल्या मनात असते."

"पण सर, बिबट्या तिसऱ्या रांगेत असतो."

"ते वर्गाचं झालं. मी मनाचं बोलतोय. भीती आली की डोळे मिटायचे. सावकाश दहा श्वास घ्यायचे. आणि भीतीला म्हणायचं, आलीस? बस. ती गुपचूप बसते."

भिवरा दर सोमवारी जाऊ लागली. ती बाहेर पडे तेव्हा पुढच्या वेळेसाठी कोणीतरी दाराशी थांबलेले असे.

"सर्जेराव ठिपके! तक्रार? अपराधीपणा! कशाचा? भुकेचा!" टिटवीबाई ओरडत.

खरे होते ते. दोन वर्षे लगदा खाऊन सर्जेरावच्या बरगड्या मोजता येत होत्या. वर्गमित्रांकडे पाहिले की त्याला भूक लागे. भूक लागली की लाज वाटे. आणि लाज वाटली की नीतिशास्त्र डोक्यात शिरेनासे होई. त्याला ढोकसरांनी दुसरे वाक्य दिले.

एका सोमवारी दोघे दाराबाहेर बोलले.

"तुला काय म्हणाले सर?" भिवराने विचारले. मनातल्या मनात तिचा सातवा श्वास चालू होता.

"म्हणाले, तू जसा आहेस तसा स्वतःला स्वीकार. आतला आवाज दाबू नकोस."

"बरं वाटतंय?"

"फार हलकं वाटतंय. तुला?"

"मलासुद्धा."

दोघेही आनंदाने आपापल्या वाटेने गेले.

समितीचा दिवस उजाडला. समितीत तीन म्हातारी अस्वले होती. मोकळ्या माळावर व्यासपीठ उभारले होते. ढोकसर अहवाल वाचायला उभे राहिले. मागे तक्ता लटकत होता, 'पूर्ण बरे झालेले विद्यार्थी: दोन.' पुरावा म्हणून भिवराला पहिल्या रांगेत बसवले होते.

"ही पाहा माझी विद्यार्थिनी," ढोकसर म्हणाले. "आणि माझा दुसरा विद्यार्थी तिसऱ्या रांगेत..."

तिसऱ्या रांगेतली जागा रिकामी होती.

भिवराला वास आला. नेहमीपेक्षा दाट, नेहमीपेक्षा जवळचा. व्यासपीठामागचे गवत हलत होते आणि वारा तर पडलेला होता. तिचा घसा आपोआप उघडू लागला. सगळे तिच्याकडेच पाहत होते.

"आलीस? बस," ती मनात म्हणाली. भीती बसली.

तिने डोळे मिटले. एक श्वास. दोन. तिसऱ्या श्वासाला व्यासपीठावर काहीतरी धप्प वाजले. पण मध्येच डोळे उघडायचे नाहीत असे सरांनीच सांगितले होते. तिने दहाही श्वास पुरे केले. डोळे उघडले तेव्हा व्यासपीठावर तक्ता होता आणि चार पिसे होती.

"मुलगी भुंकली नाही!" अस्वले उठून उभी राहिली. टाळ्यांचा कडकडाट झाला. गव्याचे डोळे भरून आले. विद्यापीठाला सर्वोच्च श्रेणी मिळाली. समुपदेशकाचे पुढे काय झाले, यासाठी समितीच्या कागदात रकाना नव्हता.

नियमाचे काय, असे एका सशाने विचारले. सर्जेरावने मिशा पुसत नम्रपणे दाखवून दिले की व्यासपीठ कुंपणाच्या चार पावले बाहेर होते. मोजले. खरेच होते.

भिवराने तीन दिवस कशालाच तोंड लावले नाही. रडायला बसावे तर भीती, दुःख, सगळेच तिच्या मनात शिकवल्याप्रमाणे रांगेने बसलेले. ज्यांनी आपले एवढे ऐकले, त्यांच्यासाठी आपल्या तोंडून एक भॉक् निघू नये?

इकडे समुपदेशकाच्या जागेसाठी जाहिरात निघाली. एकच अर्ज आला. उमेदवार स्वतः उपचार घेऊन पूर्ण बरा झालेला, आवाज मृदू, आता तब्येतही सुधारलेली. सर्जेराव ठिपके यांची एकमताने नेमणूक झाली. कामाच्या सोयीसाठी त्यांनी केंद्र कुंपणाबाहेर हलवून घेतले. पहिल्या महिन्यात अकरा विद्यार्थी जाऊन भेटले. त्यांपैकी एकालाही दुसऱ्यांदा जायची गरज पडली नाही.

मग एका सोमवारी टिटवीबाई ओरडल्या, "भिवरा भेकर! फेरतपासणी! सक्तीची!"

भिवरा गेली. ढोकसरांच्या चटईवर सर्जेराव बसले होते.

"ये, भिवरा. काय त्रास होतो?"

"काहीच होत नाही," ती म्हणाली. "सर गेले तरी काही झालं नाही. त्याचंच वाईट वाटतं."

"वा! फार छान प्रगती आहे. दार लोटून घे आणि जवळ ये. जवळून नीट ऐकू येतं."

भिवराने दार लोटायला पाय उचलला. खोलीत वास कोंडला होता. बिबट्याचा होता, आणि त्याखाली कुठेतरी अकरा वर्गमित्रांचाही होता.

"आलीस? बस," ती म्हणाली.

भीती बसेना. तिने पुन्हा सांगितले. भीती खूर आपटत उभीच राहिली. ती आईची होती, आजीची होती, पणजीची होती. तिने या विद्यापीठात कधी प्रवेशच घेतला नव्हता.

"भॉक्! भॉक्! भॉक्!"

कूड हादरला. टिटवीबाई वही टाकून उडाल्या. ससे पळाले, चितळे पळाली, माकडे पळाली. कुलगुरू खुर्ची शिंगात अडकवून पळाले. सर्जेरावांनी झेप घेतली तेव्हा दारात भिवराच्या शेपटीचा पांढरा झुपका तेवढा दिसला, आणि मग तोही दिसेना.

विद्यापीठ बंद पडले. विद्यार्थी आता मिळेल त्या झाडाखाली शिकतात आणि भिवरा भुंकली की उठून दुसऱ्या झाडाखाली जातात. ती दिवसातून दहा वेळा भुंकते. कधी नुसते सागाचे पान पडले तरी भुंकते. सगळे तिला शिव्या देत पळतात.

केंद्राच्या वहीत तिच्या नावापुढे सर्जेरावांनी स्वतःच्या पंजाने नोंद केली आहे: 'उपचार अर्धवट सोडले. प्रकृतीत काडीचाही फरक नाही.'

तात्पर्य: समुपदेशन कधीही अर्धवट सोडू नये. ज्यांनी ते शेवटपर्यंत घेतले, त्यांच्यापैकी एकाचीही आजवर तक्रार आलेली नाही.