लोहाऱ्याचे ओजी

लोहारा गावात तहसीलसमोर श्रीशैलच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला, त्या सकाळी गुरुलिंगला चहासुद्धा कडू लागला. श्रीशैलच्या फोटोखाली ठळक अक्षरांत होतं, 'लोहाऱ्याचे ओजी'. दोघांची झेरॉक्सची दुकानं शेजारी शेजारी. शब्दाचा अर्थ गुरुलिंगला ठाऊक नव्हता, पण तो श्रीशैलला मिळाला आणि आपल्याला नाही, एवढं जळायला पुरेसं होतं.

त्याने सोलापूरला शिकणाऱ्या लेकीला, शिवांजलीला, फोन लावला.

"पप्पा, आधी अमेरिकेतल्या टोळ्यांमधल्या जुन्या गुंडांना तसं म्हणायचे."

"गुंड! बरं झालं," गुरुलिंग खुलला.

"ऐका की. मग रॅप गाणाऱ्यांनी तो शब्द उचलला. आता ओजी म्हंजे अस्सल. ज्यानं सगळ्यांच्या आधी सुरू केलं, तो. कुणीकुणी नुसतं म्हाताऱ्यालाबी म्हणतंय."

'म्हातारा' हा अर्थ गुरुलिंगने सोडून दिला, पण 'सगळ्यांच्या आधी' जिव्हारी लागलं. "अगं, लोहाऱ्यात पहिली मशीन म्या आणली! ह्यो चार वर्षांनी आला!"

स्वतःच्या वाढदिवसाला अजून सात महिने होते. मग त्याने दुकानाचा वर्धापनदिन काढला आणि दुप्पट मोठ्या फ्लेक्सवर 'लोहाऱ्याचे खरे ओजी' लिहायला सांगितलं.

"खाली शुभेच्छुक कोण?" फ्लेक्सवाल्या इरशादने विचारलं.

"म्याच."

"चाचा, सोताच सोताला शुभेच्छा? लोक हसतील. शुभेच्छा देणाऱ्या एखाद्याचा तरी फोटो आणा."

गुरुलिंग दोन दिवस फिरला. "पाठवतो की," असं सगळे म्हणाले, पाठवला कुणीच नाही. शेवटी तो वैतागला. "तुझ्या कॉम्प्युटरात असंल त्याचा टाक. उद्या फ्लेक्स लागला पायजे!"

दुसऱ्या दिवशी बायको सत्यभामा धापा टाकत दुकानात आली. "अवो, तुमच्या फ्लेक्सवर श्रीशैलभाऊजी हसायलेत!"

श्रीशैलचा फ्लेक्सही इरशादनेच छापला होता; त्याच्याकडे गेल्या आठवड्यातला तेवढाच फोटो तयार होता. खाली ऐटीत छापलं होतं, 'शुभेच्छुक : श्रीशैल'.

गुरुलिंग धावत पोचला, तर फ्लेक्सपुढे गर्दी जमली होती. "काय मन हाय माणसाचं! सोताची पदवी शेजाऱ्याला दिली!" जो तो श्रीशैलचा हात हातात घेत होता.

श्रीशैल गर्दीतून वाट काढत आला आणि त्याने गुरुलिंगला मिठी मारली. "अण्णा, माझा फोटो टाकलाय ते मला खरंच ठाऊक नव्हतं. पण लई बेस झालं," तो कानात म्हणाला. मग मोठ्याने, "लोहाऱ्यात पहिली मशीन तुमचीच की!"

हेच वाक्य चारचौघांत ऐकायला गुरुलिंग आठ दिवस तळमळत होता. ते ऐकून लोकांनी कडाडून टाळ्या वाजवल्या, श्रीशैलसाठी.