बेंजामिनकाकांना 'हो' चालत नाही

बेंजामिनकाकांशी सहमत होणं म्हणजे त्यांचा अपमान करणं. मी तो पहिल्याच भेटीत केला.

अमेरिकेत, आयसेलिनला, काका माझ्या खालच्या मजल्यावर राहायचे. अलिबागकडचे बेने इस्रायली, म्हणजे घरात मराठी बोलणारे ज्यू. मराठी ऐकून चहाला गेलो, तो दर रविवारी तोराच्या, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाच्या, अभ्यासाला जुंपला गेलो. मी साताऱ्याचा देशमुख, वाय-टू-केसाठी आलेला प्रोग्रॅमर. पण काकांना जोडीदार हवा होता. त्यांच्यात हे शास्त्र जोडीनं वाचतात, आणि वाचतात म्हणजे भांडतात.

त्या पहिल्याच भेटीत काकांनी एका ओळीचा अर्थ सांगितला. मी म्हणालो, "पटलं, काका."

"पटलं काय? मान डोलवायला नंदीबैल पुरे! भांड!"

तोरातला नोहा त्यांचा पक्का वैरी. "देव म्हणाला जग बुडवतो, आणि हा मुकाट्यानं जहाज बांधत बसला! एक शब्द नाही काढला! नंदीबैल!"

टेबलाशी तिसरी खुर्ची कायम रिकामी असे. एकदा तिच्यावर मी कोट टाकला.

"उचल तो. दोघं तोरावर बोलायला बसले की मध्ये शेखिना येते. देवाचं सान्निध्य रे! तिला काय कोटावर बसवतोस?"

वर्षभर भांडून माझी जीभ इतकी सुटली, की ऑफिसात मॅनेजरशीही वाद घालू लागलो. त्याला ते आवडलं. प्रमोशन दिलं आणि थेट टेक्सासमधल्या अर्विंगला ट्रान्सफर केलं.

काकांना सांगायची छाती होईना. लायब्ररीत जाऊन त्यांच्या जुन्या पंडितांची वचनं चाळली, तेव्हा कुठे आधार सापडला. रविवारी तोच घेऊन गेलो.

"काका, मी टेक्सासला चाललोय. पण काळजी नको. माणूस एकटा अभ्यासाला बसला तरी शेखिना येते, असंही लिहिलंय."

काकांनी पुस्तक मिटलं. भांडले नाहीत, तेव्हाच मला भीती वाटली.

"ठाऊक आहे रे. रिबेका गेल्यावर तीन वर्षं एकटाच बसत होतो. येतही असेल ती. पण भांडत नाही. रिबेका भांडायची."

वर्षभर मी काकूंच्या खुर्चीत बसत होतो, हे मला त्या दिवशी कळलं. निरोपाचं सगळं पाठ केलेलं विसरलो आणि खुर्ची पुढे ओढली.

"अर्विंगलाही फोन आहे, काका. आणि एक सांगतो, नोहाचं काहीही चुकलं नव्हतं."

काकांनी डोळे पुसले, चष्मा चढवला आणि टेबलावर मूठ आपटली.