आधी दात, मग दळण

आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवर नंबर लागत नाही, दात लागतात. तुम्ही पहाटे येऊन डबा ठेवा नाहीतर दुपारी ठेवा, गिरणीच्या मालकीण भागूआत्या डब्याकडे बघतच नाहीत. सोबत आलेल्या लेकराकडे बघतात आणि म्हणतात, "आ कर." दात स्वच्छ निघाले तर डबा पुढे. दातात सकाळचा पोहा सापडला तर डबा मागे. आणि लेकरू आणलंच नसेल तर बसा मग बाकड्यावर, पिठात पांढरे होत.

मी मूळची लातूरची. लग्न होऊन नांदेडला आले, पहिल्यांदा दळण घेऊन गेले, तेव्हा वाटलं, बाई जरा सरकलेली दिसते. अजूनही कधीकधी वाटतं. पण दुसऱ्या कुणी म्हटलं तर मी भांडते.

गिरणीचा जगभर एक नियम असतो: गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी. आत्यांच्या गिरणीत तो दातांपुढे चालत नाही. स्वच्छ दातांच्या लेकराची बाजरी आधी गेली, की मागून येणाऱ्याचा गहू राखाडी निघणारच. बायका कुरकुरतात. आत्या म्हणतात, "पोळी काळी झाली तर खाता येती माय. दाढ काळी झाली तर काय करशील?" यावर कुणाला काय बोलायचं सुचत नाही, कारण तोवर गिरणी सुरू झालेली असते आणि ऐकू काहीच येत नाही.

मोबाईल त्यांनी बोलायला घेतलाच नाही. बॅटरीसाठी घेतला. फोन वाजला तर वैतागतात, "आता हे कामून बोंबलायलंय? लेकराच्या तोंडात उजेड पाडायले न मी!"

एकदा पोलिसातले एक जमादार डाळीचा डबा आणि धाकटा पोरगा घेऊन आले. पोराने आ केला. आत्यांनी उजेड टाकला, पोराचं तोंड मिटवलं आणि जमादारांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "साहेब, गावचे चोर धरता, अन् घरात कीड लागली ते दिसंना व्हय?" खाकीतला माणूस मुकाट्याने बाकड्यावर बसला. दुसऱ्या दिवशी पोराचे दात स्वतः घासून आणले म्हणतात. बेसन दोनदा बारीक दळून मिळालं.

आता खुद्द आत्यांचे दात कसे आहेत? समोरचे दोन गायब, उरलेले मिसरीने काळे कुळकुळीत. भाजलेल्या तंबाखूची ती पूड सकाळ-संध्याकाळ लावल्याशिवाय त्यांचा दिवस चालत नाही. नव्या सुना एकमेकींना कोपराने ढोसतात, "आधी स्वतःचे बघा म्हणावं!" आत्यांना ते बरोबर कळतं. "माझ्याकडं बघूनच तर सांगायले," म्हणतात. "खड्ड्यात पडलेल्यालाच खड्ड्याची खोली ठाव असती."

आयांचं ठरलेलं उत्तर असायचं: दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत. त्यावर आत्या बाकड्यावर आपला रुमाल टाकायच्या. "एस्टीत जागा धरतीस का न्हाई? तसं हे दात. नवा येईपर्यंत त्याची जागा धरून बसत्यात. रुमालच सडला तर जागा राहील का?" मी हसायचे सगळ्यांबरोबर. मला काय, माझी स्वरा तेव्हा पाळण्यात होती.

स्वरा चार वर्षांची झाली आणि हसणं माझ्यावर आलं. पोरीला झोपताना साखर घातलेल्या दुधाची बाटली लागायची. त्याशिवाय डोळा मिटायची नाही. आत्या सांगून थकल्या, "दूध पाज, पन वरून दात घास. रातभर गोड तोंडात ठिवून झोपवू नको." मी "हाव आत्या" म्हणायचे आणि घरी येऊन बाटली भरायचे. दिवसभर राबून आल्यावर कोण रडारड ऐकणार हो?

एक दिवस स्वराची दाढ ठणकायला लागली. माझ्या सासूबाईंनी मायेपोटी चिमूटभर मिसरी दाढेवर दाबली. त्यांच्या आईने त्यांना हेच केलं होतं, आजीने आईला. पोर बधिर झाली, जराशी गप्प बसली, मग भडाभडा ओकली. त्याच अवस्थेत आम्ही तिघी गिरणीवरून चाललो होतो. आत्यांनी हाक मारली, आ करायला लावला आणि बघतच राहिल्या. मग खटका ओढून गिरणीच बंद केली.

"लेकराच्या तोंडात तमाखू? वहिनी, डोस्कं ठिकान्यावर हाय का तुमचं?"

"तू लावतीस की दोन टाईम!" सासूबाई उसळल्या.

"मी लावते म्हनूनच सांगायले. मला सुटंना झाली ती. लेकराला कामून लावता?"

दळणाला आलेल्या पाचसात बाया कान टवकारून उभ्या. सासूबाईंचा पारा चढला आणि त्या बोलून गेल्या, "ज्या बाईला लेकरू झालं न्हाई, तिनं आमाला लेकरं सांभाळायला शिकवू नाई."

गिरणी बंद होती. सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं.

 आत्यांनी खटका वर केला, आमचा सकाळपासून पडलेला डबा उचलला आणि गिरणीच्या तोंडात ओतला. पीठ झाल्यावर झाकण लावून माझ्या हातात दिला. माझ्याकडे बघितलं मात्र नाही.

संध्याकाळी स्वराचा गाल सुजला. आम्ही दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे पळालो. बाई चांगल्या होत्या, पण स्वरा तोंड उघडेना. चॉकलेटचं आमिष दाखवलं, हे दातांच्या दवाखान्यात कितपत शोभलं देव जाणे. आमच्या ह्यांनी माकड होऊन दाखवलं. पोरीने दात अस्से आवळले की पत्रा वाकेल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ती कुणाचं ऐकते?"

मला एकच नाव आठवलं. दुपारचं बोलणं अजून कानात होतं, पण लेकरू कळवळत असताना लाज धरून कसं चालेल? मी ह्यांना गाडीवर पिटाळलं. येतील असं वाटलं नव्हतं. आत्या आल्या. केसांत पीठ, पायांत दोन पायांच्या दोन चपला. त्या सरळ खुर्चीत बसल्या, स्वराला मांडीवर आडवी घेतली आणि हळूच म्हणाल्या, "बाई, आ कर." पोरीने जबडा असा उघडला की डॉक्टरीणबाईच दचकल्या.

दाढ वाचली. थोडी उशिरा आणली असती तर काढावी लागली असती, असं बाई म्हणाल्या. मग मला नीट समजावून दिलं: लेकराचं डोकं मांडीत घ्यायचं, ओठ उचलून बघायचं, हिरडीजवळ खडूसारखी पांढरी रेघ दिसली तरी दाखवायला आणायचं, दात दुखायची वाट बघायची नाही. पेस्ट वाटाण्याएवढी. रात्री दात घासल्यावर पाण्याशिवाय काही नाही. आणि सात-आठ वर्षांची होईपर्यंत दात आईबापाने घासून द्यायचे. आत्या माझ्याकडे बघून एकेका वाक्याला मान हलवत होत्या, जणू डॉक्टरीणबाईंना त्यांनीच पाठवलं होतं.

परत येताना ऑटोत स्वरा आत्यांच्या मांडीवरच झोपली. मी म्हणाले, "आत्या, दुपारचं मनावर घेऊ नका."

"खोटं काय बोलल्या वहिनी?" आत्या म्हणाल्या. "बारशाला बोलवत्यात मला. पाळन्याजवळ गेलं की एखादी म्हनती, आत्या, जरा चहाचं बघा. तान्हं कुनी हातात देत न्हाई माय. दात बघते म्हनलं की आया आपून होऊन लेकरू मांडीवर ठिवत्यात." आणि हसल्या. मला काही हसू आलं नाही.

त्यानंतर मी बदलले. बाटली फेकली. रोज रात्री स्वराचं डोकं मांडीत घेऊन दात घासायला लागले. गल्लीतल्या बाकीच्या आयाही शिकल्या, नाहीतर दळण मिळतंय कुठे! हळूहळू लेकरं चकाचक दात घेऊन यायला लागली. आत्यांना एका नजरेत कळायचं, बॅटरीही लागायची नाही. "बेस हाय, जा," म्हणायच्या. डबे भराभर निघायला लागले. आम्ही सगळ्या खूश. आपण शिकलो म्हणजे आत्यांच्या मांडीवर लेकरू यायचं बंद झालं, हे आम्हा शहाण्यांपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

परवा आत्या आमच्याकडे आल्या. आमच्या पिठाचा डबा स्वतः पोचवायला घेऊन, जे त्या कधी करत नाहीत. दारातच उभ्या. "घासतीस न पोरीचे?"

"रोज घासते आत्या. आता तुम्हाला तरास न्हाई बघा."

"बरं केलंस," म्हणाल्या. तरी जाईनात. पदराने डब्यावरचं पीठ पुसत राहिल्या, जे आधीच पुसलेलं होतं.

सासूबाई आत शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या दिवसानंतर दोघींत बोलणं नव्हतं. त्या उठल्या, खेळत बसलेल्या स्वराला उचललं, आत्यांचा हात धरून त्यांना सतरंजीवर बसवलं आणि पोर त्यांच्या मांडीवर ठेवली.

"भागू, मागची दाढ बघ गं जरा. ह्या सुनेला काय दिसत न्हाई."

मी म्हणणार होते की सकाळीच बघितली. सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की शब्द गिळला.

आत्यांनी स्वराचा ओठ उचलला. खाली बघितलं, वर बघितलं. "वहिनी," त्या म्हणाल्या, "दात चांगले हायत."

"नीट बघ. घाई काय हाय तुला?"

"हाव," आत्या म्हणाल्या. "बघते की नीट."

सासूबाई चहा टाकायला आत गेल्या आणि मलाही हाताला धरून घेऊन गेल्या. चहा झाला, तरी कपात ओतू देईनात. मी दाराआडून डोकावले. स्वराचं तोंड केव्हाच मिटलं होतं, पोर झोपली होती. आत्या तिच्या कपाळावरचे केस मागे सारत बसल्या होत्या.