हरिप्रियेची जर्मनी आणि आमची सुटका

सरकारी कामं कशी करून घ्यावीत हे अख्ख्या तंजावुरात एकाच माणसाला कळतं, आणि तो माणूस मी! हे माझं मत आहे. दुसऱ्या कुणाचं असल्याचं ऐकिवात नाही.

माझी धाकटी बहीण हरिप्रिया नर्स. तिला जर्मनीतल्या एका इस्पितळात नोकरी लागली. प्रश्न एकच उरला: नर्सला परदेशी जायला आपल्या सरकारची वेगळी परवानगी लागते का? इस्पितळानं बजावलं होतं, शुक्रवारपर्यंत नक्की काय ते कळवा, नाहीतर जागा दुसरीला.

"एजंटाला विचारूया रे विश्वेशा," अम्मा म्हणाली.

"एजंट? सरकारनं फुकट मदतवाहिनी काढलीय, अम्मा! खात्रीचा सल्ला! तू फक्त बघत राहा."

अम्मा बघत राहिली. पुढे सगळी गल्लीच बघत राहिली, पण ते नंतर.

आधी मी मदतवाहिनीच्या तमिळवाल्यांना फोन लावला. उत्तर आलं, "लागते." खात्रीसाठी पुन्हा लावला. "लागत नाही." खात्रीची खात्री करावी म्हणून परत लावला, तर एक गृहस्थ म्हणाले, "लागते, पण नर्सला देत नाहीत. जर्मनी दुबईच्या अलीकडे की पलीकडे?"

"अण्णा, मी सरळ इस्पितळालाच विचारू का?" हरिप्रिया म्हणाली.

"आपलं सरकार असताना परक्यांना विचारायचं? शोभतं का?"

तेवढ्यात फोनमधलं यंत्र म्हणालं, "मराठीसाठी पाच दाबा." झालं! आम्ही राजवाड्याजवळची माणसं. भाजीवाल्याशी तमिळ, बँकेत इंग्रजी, आणि मराठी फक्त घरात, देवाशी आणि मांजराशी. सरकार आपण होऊन मराठी विचारतंय म्हटल्यावर छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटलं. दाबलं पाच!

"तंजावूर? म्हणजे तमिळनाडूत?" पलीकडच्या बाईंचा आवाज एकदम हळवा झाला. "मराठी माणूस इतक्या लांब! कधी गेलात हो तिकडे?"

अप्पांना राहवेना. त्यांनी फोन हिसकावला. अप्पा म्हणजे निवृत्त हेडमास्तर सीतारामराव. "व्यंकोजीराजांचे फौजेसवें आलों!"

"काका, तुम्ही नाटकाच्या तालमीत आहात का?"

"आम्ही असेंच बोलतों!"

टकटक टकटक. बाई टाइप करत होत्या. "मजूर आणणारा ठेकेदार... व्यंकोजी राजे. त्यांचा मोबाइल नंबर?"

"ते वारले."

"अरेरे! मग आता तुमच्याकडे कोण बघतं?"

"कोणीही नाही!" हे वाक्य ऐकवायला अप्पांना उभ्या जन्मात गिऱ्हाईक मिळालं नव्हतं.

"आणि गावाकडे कधी जाता?"

"गांव कोणतें तेंच विसरलों, बाई!"

पलीकडे चक्क हुंदका. "काळजी करू नका, काका. आम्ही येतोय."

"अहो, जर्मनीचं..." मी ओरडलो. फोन बंद!

गुरुवारी सकाळी दारात जीप, आणि जीपभोवती सगळी गल्ली. दोन पोलीस, पाण्याचे खोके, केळ्यांचा घड आणि कामगार खात्याचे इन्स्पेक्टर गणेशकुमार. "घाबरू नका," ते तमिळमध्ये म्हणाले. "वेठबिगारीतून तुमची सुटका करायला आलोय. मालक कोण?"

आम्ही तिघांनी अम्माकडे बोट दाखवलं. सवय!

"ह्या राबवून घेतात?"

"रोज," अप्पा म्हणाले. "नारळ खवायला लावते."

"बाहेर जाऊ देतात?"

"रात्री आठनंतर नाही," मी म्हणालो. सरकारशी खोटं कशाला बोला? अम्मानं डाव उगारला आणि एक पोलीस चक्क मागे सरकला.

शेवटी हरिप्रियेनं अस्खलित तमिळमध्ये सगळं समजावलं. आम्ही इथलेच, अप्पा इथलेच, त्यांचे पणजोबासुद्धा इथलेच.

"मग पाच कशाला दाबलंत?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

मी सदऱ्याचं तुटलेलं बटण दाखवलं.

"पण फाईल उघडलीय," ते म्हणाले. "बंद करायची तर घरातल्या सगळ्यांना मूळ गावी रवाना दाखवावं लागेल. सोलापूर चालेल?"

"सोलापूरच का?"

"तिथलीच तिकिटं शिल्लक आहेत."

"साहेब, माझं नाव नका घालू!" हरिप्रियेनं फाईलवर हात ठेवला. "उद्या शेवटचा दिवस आहे. एवढंच सांगा, जर्मनीला जायला परवानगी लागते का?"

त्यांनी तिचं नाव खोडलं, दार लोटलं आणि हळूच म्हणाले, "परदेशाचं खातं वेगळं, ताई. माझा मेहुणा दोह्याला निघालाय, आम्हालाही काही कळेना. तुम्हाला कळलं तर सांगाल का?"

हरिप्रियेनं माझ्याकडे असं पाहिलं की मी केळं सोलायला घेतलं. तिनं तिथंच उभ्या उभ्या इस्पितळाला दोन ओळी लिहिल्या. माझं केळं संपायच्या आत उत्तर आलं: "लागत नाही. तुमच्याकडच्या पुष्कळ नर्स आल्यात. या." आमच्या सरकारचा नियम जर्मनीतल्या बाईंना ठाऊक!

हरिप्रिया गेली. आम्ही तिघं मात्र सरकारदरबारी सोलापूरला रवाना! रेशनच्या दुकानात अम्मानं अंगठा लावला की यंत्र म्हणतं, ही व्यक्ती राज्यात नाही. इन्स्पेक्टर म्हणाले, "सोपं आहे. एकदा खरंच जाऊन या, म्हणजे परत आल्याची नोंद करता येईल."

तर हे मी सोलापूर स्टेशनच्या बाकावर बसून लिहितोय. उतरल्या उतरल्या अप्पांनी छाती काढून आपल्या मराठीत चहा मागितला. चहावाला कौतुकानं म्हणाला, "वा, काका! मद्रासी असून मराठी छान शिकलात की!" तेव्हापासून अप्पा खांबाकडे तोंड करून बसलेत.

आत्ताच हरिप्रियेचा मेसेज आला: "अण्णा, मला इथं राहायचा परवाना मिळाला. तुम्हाला तंजावूरचा कधी मिळतोय?"